खालची रांग

फाटक अजून उघडलेलं नव्हतं आणि मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर चढायला लागल्या होत्या. आतून गवताचा वास येत होता. बाहेरच्या टेकड्या पार करपल्या होत्या. खुरटं होतं तेही मुळासकट खाऊन झालं होतं, आणि गेल्या दीड महिन्यात हिरवं असं काही उरलं होतं ते या कुंपणाच्या आत, उन्हावर वीज करणाऱ्या प्लेटांच्या सावलीत. मेंढ्यांना ते ठाऊक होतं. त्या रेटत होत्या.

कळपामागे सून काठी आडवी धरून उभी होती. पुढे म्हातारा, तिचा सासरा. आणि फाटकाच्या आत तिचा नवरा. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात वही.

"किती?" त्यानं विचारलं.

"कालच्याइतक्याच," म्हातारा म्हणाला.

"आकडा सांगा."

"तुला माहीत नाही?"

नवऱ्यानं मान न वळवता डोळ्यांनी मागे खुणावलं. मागे मुकादम उभा होता, दातांत काडी घालून.

"बावन्न," सून मागूनच ओरडली, "आणि जावई."

जावई म्हणजे मेंढा. नाव म्हाताऱ्यानं ठेवलेलं. खातो, बसतो, काम काडीचं करत नाही आणि वर मान द्यावा लागतो, मग याला दुसरं काय म्हणायचं, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. मुकादमालाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुकादम हसला नव्हता. तोही कुणाचा तरी जावई असणार.

"अंगठा," नवरा म्हणाला आणि वही बापापुढे धरली.

म्हाताऱ्यानं अंगठा शाईत दाबला, वहीवर उमटवला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसला. वर्षभर रोज पुसून ते टोक काळंनिळं झालं होतं. धुतलं तरी जात नव्हतं.

फाटक उघडलं तशा मेंढ्या पाणी सुटावं तशा आत घुसल्या. जावई सगळ्यात शेवटी, मान ताठ ठेवून. गेले दोन दिवस त्याचं लक्ष चरण्यात नव्हतं. दोन घास खायचा, डोकं वर करायचा, खालच्या अंगाला बघत राहायचा.

"याचं काय बिनसलंय?" सुनेनं विचारलं.

"वारा," म्हातारा म्हणाला. "या वाऱ्यानं माणसं वेडी होतात, हा तर मेंढा."

वारा खरंच वाईट होता. सकाळपासून सुटायचा, धूळ उडवायचा, कुठेच टेकू द्यायचा नाही.

टेकडीवर प्लेटा बसून वर्ष होत आलं होतं. त्याच्या आधी नकाशेवाली बाई आली होती, एकटी, पाठीला पिशवी लावून. तीन दिवस ती म्हाताऱ्यामागून हिंडली. वारा कुठून लागतो, पाणी कुठून उतरतं, दुपारी मेंढ्या कुठे बसतात, एवढंच विचारायची. म्हाताऱ्याला वाटलं, हिला मेंढ्या विकत घ्यायच्या आहेत. चौथ्या दिवशी तिनं दगडावर कागद पसरला, तेव्हा त्यानं ओळखलं की ही तर आपलीच टेकडी. प्लेटांच्या रांगा सरळ नव्हत्या. मेंढ्यांच्या पायवाटा जशा टेकडीला वळसे घालून जात होत्या, तशाच रांगाही वळल्या होत्या. यंत्रांचं घर टेकडीच्या पोटात ढकललेलं, छतावर माती आणि मातीवर गवत. खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर फक्त एक दार दिसायचं. छतावर मेंढ्या चरायच्या आणि आतल्या माणसाला खुरांचा आवाज ऐकू यायचा.

सगळ्यात खालची रांग वेगळी होती. तिथं छातीइतका दगडी बांध घालायचा आणि बांधावर प्लेटा उभ्या करायच्या, आरशासारख्या. सकाळचं ऊन एका अंगानं, संध्याकाळचं दुसऱ्या. बांधानं माती अडणार, वारा अडणार, आणि कुंपण वेगळं घालायला नको.

कागदावर तसं होतं. त्या बांधाचे दगड सुनेनंच ओढ्यातून वर आणले होते, डोक्यावरून, बाकीच्या बायांबरोबर. बांध गुडघ्यापर्यंत आला तेव्हा मुकादम म्हणाला, "बस झालं. चढवा प्लेटा." बायांना वाटलं, बरं झालं, मान सुटली. कुणी विचारलं नाही.

मेंढ्यांना वर्षभर चरू द्यायचं, त्यांच्याकडून काही मोडलं नाही तर पुढेही, असं ठरलं होतं. एक जरी काच गेली तर गवत कापायला यंत्र येईल आणि फाटक बंद होईल. हे मुकादमानं इतक्या वेळा ऐकवलं होतं की नवरा ते झोपेत बोलायचा. त्याला राखणदाराची नोकरी लागली तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं होतं. आपलाच माणूस फाटकावर. पण मुकादमासमोर त्याला आपल्याच मेंढ्यांवर शिट्टी वाजवावी लागायची, आणि ती तो इतरांपेक्षा जोरात वाजवायचा.

त्या दिवशी दुपारी मुकादम जेवायला गेला होता. म्हातारा वरच्या रांगेच्या सावलीत आडवा झाला होता आणि सून यंत्रघराच्या दाराशी टाकीतलं पाणी हौदात सोडत होती. तेव्हा आवाज झाला. एकच. दूरवर कुणी दार आपटावं तसा.

ती धावली. दुसऱ्या बाजूनं नवरा धावत आला, वही काखेत धरून.

खालच्या रांगेपुढे जावई उभा होता आणि डोकं झटकत होता. शिंगाच्या मुळाशी रक्त आलं होतं. समोरच्या प्लेटेची काच वरपासून खालपर्यंत तडकून पांढरी झाली होती, आणि मधोमध खळगा पडला होता. त्या तडकलेल्या काचेत आता काहीच दिसत नव्हतं. जावयानं शेजारच्या प्लेटेकडे बघितलं. तिच्यात एक मेंढा उभा होता, शिंगं रोखून.

जावई दोन पावलं मागे सरला.

"धरा त्याला!" ती ओरडली, आणि स्वतःच जाऊन त्याच्या मानेला मिठी मारली. नवऱ्यानं मागून धरलं. दोघांनी मिळून त्याला ओढत वर नेलं. त्याचं काळीज धाडधाड उडत होतं, ते तिला आपल्या छातीत लागत होतं.

नवरा परत खाली गेला. प्लेटेच्या चौकटीत लोकरीचा पुंजका अडकला होता. तो त्यानं उपटला आणि खिशात घातला. मग चौकटीवरचं रक्त थुंकी लावून बाहीनं पुसलं.

"हे काय करताय?"

"कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं."

"तू कुणीतरी आहेस का?" तो म्हणाला. मग त्यालाच ते कसंतरी वाटलं. "अगं, दोन आठवडे राहिलेत वर्ष भरायला. दोनच. बाहेर काय आहे चरायला? माती चारणार आहेस का त्यांना?"

 वाऱ्यानं तिच्या तोंडात धूळ जात होती.

वहीत त्यानं लिहिलं, 'खालची रांग, एक काच फुटली. कारण कळले नाही.' हे लिहायला त्याला बराच वेळ लागला.

संध्याकाळी मुकादम आला, काचेपुढे उकिडवा बसला आणि जमिनीवरून काहीतरी उचललं. काचवाल्याच्या फडक्याची चिंधी होती.

काचवाला रोज सकाळी प्लेटा पुसायला यायचा. एक पाय लहानपणापासून आखूड. खांद्यावर बादली आणि हातात लांब काठी. काठीच्या वरच्या टोकाला फडकं आणि खालच्या टोकाला लोखंडी टोपण, कारण चालताना तिचाच आधार घ्यायचा. या रांगेपर्यंत आला की तो खूश असायचा. इथं हात वर करावे लागत नसत. बादली पालथी घालून, तिच्यावर बसून पुसायचा आणि पुसता पुसता काचेत बघून मिशीही नीट करायचा.

"सकाळी इथं कोण होतं?" मुकादमानं विचारलं.

नवऱ्यानं वही चाळली. "काचवाला होता."

"आणखी कोण?"

"सकाळी तोच होता."

एवढंच तो बोलला. खोटं एकही अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मुकादमानं काचवाल्याच्या हातातून बादली घेतली. मग काठी मागितली.

"काठी कशाला?" काचवाला म्हणाला. "मी चालू कसा?"

"काठी कामावरची आहे."

"फडकं कामावरचं आहे. काठी माझी."

मुकादमानं फडकं सोडवून घेतलं आणि काठी त्याच्या पायापुढे टाकली. ती उचलायला काचवाल्याला एका हातानं फाटक धरून वाकावं लागलं. राखणदार तीन हातांवर उभा होता. तो वहीत काहीतरी बघत राहिला. मेंढ्या मागून रेटत होत्या, म्हणून सुनेला पुढे जावंच लागलं, काचवाल्याच्या अगदी जवळून.

घरी म्हातारा जावयाच्या शिंगाला तेल लावत होता.

"याला काय लागलं?"

"दगडाला घासलं असेल, मामंजी," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं बोटानं शिंगाची मुळं चाचपली. जावयानं पाय आपटला. "दगडाला घासलं तर कातडं सोलतं. हे आतून हललंय." त्यानं वर पाहिलं. "मी विचारलं नाही असं समज."

तिला घरात बसवेना. भांडी घासली, पुन्हा घासली. लोकर पिंजायला घेतली आणि अर्ध्यावर टाकली. नवरा आला, जेवला, शर्ट खुंटीला लावला, पुन्हा उतरवून त्याची बाही पाण्यात बुडवून चोळत बसला.

"निघाला का डाग?" तिनं विचारलं.

"कसला डाग?"

"तेच विचारतेय."

त्यानं पिळलेली बाही झटकली. "तो दुसरीकडे जाईल पुसायला. कामं काय कमी आहेत?"

"आखूड पायाच्या माणसाला? कुठं आहेत? सांगा ना, मी निरोप पोचवते."

तो उठून बाहेर गेला.

काचवाला मात्र कुठेच गेला नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी यायचा आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसायचा, रिकाम्या हातांनी. मुकादम हाकलायचा तेव्हा चार पावलं लांब जाऊन बसायचा. मेंढ्या आत जाईपर्यंत सुनेला त्याच्याकडे पाहत राहावं लागे. पाचव्या दिवशी सून मागे राहिली. म्हाताऱ्याला पुढे जाऊ दिलं आणि काचवाल्यापाशी थांबली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"दादा, उन्हात कशाला बसता?"

"घरी बसून तेच तेच आठवतं," तो म्हणाला. त्याच्या दाढीचे खुंट वाढले होते. "मी काचेला काठी लावली नव्हती. पहिल्या दिवशी मला पक्कं ठाऊक होतं. आता नाही."

"म्हणजे?"

"उठताना मी काठी टेकवतो. कुठं टेकवतो ते बघत नाही. एवढ्या वर्षांची सवय. टेकवली असेल बांधावर, सटकली असेल. टोपण लोखंडी आहे. लागलं असेल आणि मला कळलं नसेल." त्यानं काठी उलटी करून टोपणाकडे पाहिलं. "इथं ओरखडा आहे बघा. हा आधीचा की नवा? मी रोज बघतो. काल वाटलं जुना आहे. आज नवा वाटतोय."

तिनं टोपण पाहिलं. त्यावर पंचवीस-तीस ओरखडे होते.

"माफी मागायला बसतो मी इथं," काचवाला म्हणाला. "पण मुकादम ऐकूनच घेत नाही."

 शिवी दिली असती, शाप दिला असता तर चाललं असतं. हा माणूस न केलेल्या गोष्टीची माफी मागायला निघाला होता. ती तशीच निघाली आणि दिवसभर मेंढ्यांवर विनाकारण खेकसत राहिली.

चार दिवसांनी नवऱ्यानं घरी बातमी आणली. उद्या नकाशेवाली मॅडम येणार. सगळं बघणार आणि मेंढ्यांचं ठरवणार.

"उद्या कळप वरच्या टेकड्यांवर न्या," तो बापाला म्हणाला. "इकडे आणू नका."

"तिथं काय आहे?"

"एक दिवस उपाशी राहिल्या तर मरणार नाहीत. जावयाला तर दोर लावूनही आणू नका, घरीच बांधा. त्याची नजर खालच्या रांगेवरच असते, कुणालाही कळेल."

"मग कळू दे," सून म्हणाली.

तो गर्रकन वळला. "कळू दे? मग उद्यापासून काय? हा शर्ट जाईल. कळप बाहेर. कुणासाठी केलं मी हे?"

"कुणासाठी केलं ते त्या दगडावर बसलेल्याला सांगा. त्याला वाटायला लागलंय, त्यानंच काच फोडली."

नवरा थबकला. "असं म्हणाला?"

"माफी मागतो म्हणाला."

तो दारातच उभा राहिला. एक हात चौकटीवर.  म्हातारा कोपऱ्यातून दोघांकडे पाहत होता आणि पायातला काटा काढत असल्यासारखं करत होता. 

सकाळी नवरा अंधारातच कामावर गेला. म्हाताऱ्यानं कळप वरच्या टेकड्यांकडे वळवला. निघताना तो सुनेला म्हणाला, "जावयाचा दोर त्या खुंटीला आहे. गाठ सैल आहे." आणि गेला.

ऊन चढेपर्यंत ती घरातच होती. तीनदा दोर हातात घेतला, तीनदा ठेवला. मग एकदम उठून निघाली.

फाटक उघडं होतं. नकाशेवाली बाई खालच्या रांगेपाशी उभी होती, उन्हानं लाल झालेली. शेजारी मुकादम कागदाची गुंडाळी धरून आणि नवरा मोजायच्या फितीचं टोक धरून. मेंढ्याला घेऊन ती येताना दिसली तशी नवऱ्यानं फीत सोडली. ती सर्रकन गुंडाळली गेली.

"इकडे कुठं?" मुकादम ओरडला. "आज जनावर आत आणायचं नाही, सांगितलं नव्हतं?"

"मॅडमशी बोलायचंय."

"तू घरी जा," नवरा हळू म्हणाला. "मी सांगतो. मी नंतर सांगतो."

"बोलू द्या त्यांना," बाई म्हणाली. "तुम्ही आजोबांच्या सूनबाई ना? आजोबा कुठे आहेत?"

"मेंढ्यांना माती चारायला गेलेत," ती म्हणाली. मग ती जोरात बोलायला लागली. "ती काच काचवाल्यानं फोडली नाही. यानं फोडली. काचेपुढे उभा राहिला की याला तिच्यात दुसरा मेंढा दिसतो. बांध गुडघ्याइतका आहे. कागदावर छातीइतका होता, मामंजींना तुम्ही दाखवला होता. मी दगड वाहिलेत, मला माहीत आहे कुठं थांबले ते."

मुकादम हसला. "मेंढा आरसा बघतो. आता ह्याला कंगवा पण द्या एक. मॅडम, ह्या लोकांचं काय, काचवाला यांच्याच गल्लीतला—"

तिनं दोर सोडला.

जावई आधी नुसता उभा राहिला. वाऱ्यानं त्याची लोकर एका अंगाला झुकली होती. मग त्यानं काचेकडे पाहिलं. काचेतल्यानंही पाहिलं. तो एक पाऊल मागे सरला, दुसरं, तिसरं. सहाव्या पावलाला त्यानं मान खाली घातली. मुकादमाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, जागच्या जागी.

आणि नवरा धावला. कुणी काही म्हणायच्या आत तो काचेला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा होता. "नको! नको रे!" असं तो मेंढ्याला म्हणत होता, माणसाला म्हणावं तसं.

जावयाला थांबता आलं नाही. धडक बरगडीत बसली. नवरा बांधावर आदळला आणि घसरत खाली बसला, तोंड उघडं, श्वास नाही. पाठीमागची काच शाबूत होती.

ती त्याच्यापाशी गेली, त्याचं डोकं धरलं. "श्वास घ्या. अहो, घ्या ना श्वास." जावई चार हातांवर उभा राहून दोघांकडे गोंधळून बघत होता. शेवटी नवऱ्याच्या छातीतून करवत ओढल्यासारखा आवाज आला आणि श्वास परतला.

बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं त्याला पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाली, "तो येणार हे तुम्हाला आमच्या आधी कळलं."

नवऱ्यानं मान खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं." त्यानं बरगडी धरली. "मी लोकर काढून टाकली. काचवाला तिथं सकाळीच येऊन गेला होता. मी तेवढंच सांगितलं."

 बाई उठली, फीत घेतली आणि बांध स्वतः मोजला. एकदा, दहा पावलांवर पुन्हा एकदा, आणखी पुढे जाऊन पुन्हा. प्रत्येक आकडा ती मुकादमाला मोठ्यानं म्हणायला लावत होती. तिसऱ्या आकड्याला मुकादम म्हणाला, "दगड कमी पडले होते मॅडम."

"ओढाभर दगड आहेत," सून म्हणाली.

मुकादमाची त्या संध्याकाळीच दुसऱ्या कामावर रवानगी झाली. तिथं तो याच पदावर आहे, असं पुढे कळलं. खालच्या रांगेतल्या प्लेटा उतरवून बांध छातीपर्यंत चढवायचा आणि मेंढ्या आणखी एक वर्ष चरतील, असं बाईनं लिहून दिलं. राखणदाराचा शर्ट आणि शिट्टी मात्र परत घेतली. त्याबद्दल ती लांबलचक काही बोलली नाही. "वही सांभाळणारा माणूस मला दुसरा बघावा लागेल," एवढंच म्हणाली. त्यानं शर्ट तिथंच काढून दिला आणि बनियनवर घरी आला, भरदुपारी, सगळी गल्ली बघत असताना.

सून काचवाल्याच्या घरी गेली. त्याची खोली एवढीशी होती आणि काठी दाराआड उभी होती. तिनं सगळं सांगितलं. नवऱ्याचंही, आणि बाईनं त्याला परत कामावर बोलावलंय हेही.

"म्हणजे मी नव्हतोच?" त्यानं विचारलं.

"नव्हता."

"नक्की?"

"मी डोळ्यांनी पाहिलं, दादा. त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," काचवाला म्हणाला. त्यानं मान हलवली, हलवतच राहिला. ती उभी होती, त्यानं तिला बस म्हटलं नाही. मग तो म्हणाला, "मी येईन कामावर. पण आता जा तुम्ही."

बांधाचं काम तीन आठवडे चाललं. नवरा रोजावर लागला, सुनेबरोबर आणि इतर बायांबरोबर. त्याला डोक्यावर दगड घेता येईना. हात वर केला की बरगडीत चमक निघायची. मग तो वाकून दगड बसवायचा, फटींत दगडाच्या चिपा ठोकायचा, उभा राहताना दात आवळायचा. बायका त्याला मुद्दाम विचारायच्या, "साहेब, आज अंगठा कुठं करायचा?" पहिले काही दिवस तो उत्तर द्यायचा नाही. पुढे पुढे म्हणायला लागला, "चुन्यात करा." सून हसायची नाही, पण दगड त्याच्या हाताशी ठेवताना चांगली बाजू वर करून ठेवायची. दोघांचं घरी बोलणं कमीच होतं. म्हातारा कळप आणायचा, नव्या राखणदाराच्या वहीवर अंगठा करायचा आणि मुलासमोरून जाताना एखादा दगड काठीनं ठोकून बघायचा. "हा हलतोय," म्हणायचा. हलत असेल तर नवरा तो काढून पुन्हा बसवायचा.

प्लेटा चढल्या. जावयाला आणून उभं केलं. त्याच्यासमोर आता नुसता दगड होता. दगड त्यानं हुंगला आणि चरायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचवाला आला. बादली खांद्यावर, काठीला नवं फडकं. तो खालच्या रांगेपाशी जाऊन उभा राहिला आणि वर पाहिलं. प्लेटांची वरची कड आता त्याच्या काठीलाही पुरत नव्हती. टाचा उचलून पाहावं, तर एक टाच उचलत नव्हती. आतापर्यंत त्याला बसून करता येणारी हीच एक रांग होती. कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं, बाईच्याही नाही.

यंत्रघरामागून शिडी आणली. पण जमीन उताराची, शिडी एका पायावर डुगडुगायला लागली. काचवाल्यानं एक पायरी चढून पाहिलं आणि खाली उतरला.

बाया उरलेले दगड आवरत होत्या. नवऱ्यानं हातातली पाटी खाली ठेवली. तो आला, शिडीचे दोन्ही दांडे धरले, एक पाय खालच्या पायरीवर रोवला आणि उभा राहिला. काचवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. बादली खांद्याला अडकवली आणि चढला, आधी चांगला पाय, मग दुसरा ओढून घेत. प्रत्येक पायरीला शिडीचं ओझं नवऱ्याच्या बरगडीत उतरत होतं.

वारा होता. काचवाला पुसायला लागला. फडक्यातलं मळकं पाणी काचेवरून ओघळत खाली आलं, नवऱ्याच्या डोक्यावर, मानेवर, पाठीत. त्यानं डोळे मिटले.

"हलवू नकोस," वरून आवाज आला.

"नाही हलवत."

"त्या दिवशी तू म्हणालास, सकाळी मी होतो."

"हो."

फडकं थोडा वेळ थांबलं. सुनेनं दगड उचलला होता, तो तसाच हातात धरून ती उभी राहिली.

"इथं डाव्या अंगाला जरा झुकव," काचवाला म्हणाला. "कोपरा राहिलाय."

नवऱ्यानं झुकवली. कोपरा पुसून झाला. काचवाला सावकाश उतरला, बादली घेतली आणि चार पावलं सरकून पुढच्या प्लेटेखाली जाऊन थांबला. नवरा शिडी उचलून त्याच्यामागून गेला.

रांगेत एकसष्ट प्लेटा होत्या. एक झाली होती.